आजवा किती फूट? अजून न जन्मलेल्यांच्या वतीने विचार कसा करतात

बडोद्यात पावसाळा लागला की दोन आकडे घरोघरी फिरतात. शहराला पाणी देणारं आजवा सरोवर किती फूट झालं, आणि काळा घोड्याच्या पुलाखाली विश्वामित्री नदी किती फुटांवर आली. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना पाठ. आजवा 211च्या पुढे सरकलं की चुळबुळ, विश्वामित्री 26ला टेकली की धोका. ऑगस्ट 2024मध्ये नदी 35 फुटांच्याही वर गेली. आमच्या अकोट्याकडच्या सोसायटीतली मीटरची खोली, पाण्याची मोटार, एकोणीस दुचाक्या आणि तळमजल्यावरच्या काकूंची लोणच्याची बरणी असं सगळं एकाच पाण्यात गेलं. बरणी तेवढी तरंगताना सापडली.

पाणी ओसरल्यावर मीटिंग झाली. मीटर होते तिथेच परत बसवायचे की वर न्यायचे, एवढाच विषय. वर न्यायचे तर खर्च. अर्ध्या तासात दोन्ही भाषांतून निकाल लागला. मराठीतून ‘पुढचं पुढे बघू’, गुजरातीतून ‘जोयुं जशे’. मीटर होते तिथेच बसले.

त्या रात्री मला तळ्यातल्या तीन माशांची गोष्ट आठवली. काठावर उभे राहून कोळी बोलत होते की इथे मासे बरेच आहेत, उद्या येऊ. पहिल्या माशाने ते ऐकलं आणि रातोरात पाटाच्या वाटेने तळं सोडलं. दुसरा जाळ्यात सापडल्यावर मेल्याचं सोंग घेऊन सुटला. तिसरा म्हणाला, व्हायचं ते होईल. नावंही कशी चोख आहेत: अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमती आणि यद्भविष्य. आपल्याकडे कौतुक सगळं दुसऱ्या माशाचं. पुरात ट्यूबवर बसून दूध आणणारा पोरगा वर्षभर हिरो असतो, आणि तो होताच हिरो, मी नाही म्हणत नाही. पण दूध आणायला ट्यूब लागू नये म्हणून दहा वर्षं आधी ज्याने कटकट केली असेल, त्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

पहिल्या माशाच्या कामाला आज जगभर एक शास्त्र, निदान शिस्त म्हणून मान मिळाला आहे. मराठीत तिला दूरदृष्टी म्हणावं की भविष्यवेध, यावर वाद घालता येईल. अडचण ‘भविष्य’ या शब्दाची आहे. तो उच्चारला की आपल्याला रविवारची पुरवणी आठवते: मेष, वृषभ, धनलाभाचे योग. या शिस्तीत भविष्य सांगत नाहीत. नीट पाहिलं तर पहिल्या माशानेही सांगितलं नव्हतं. त्याने काठावरचं बोलणं ऐकलं, त्याचा अर्थ लावला आणि आज काय करायचं ते ठरवलं. बस्, एवढंच.

यातली पहिली गोष्ट म्हणजे भविष्य एकवचनी धरायचं नाही. विजेरीचा झोत जसा पुढे जाईल तसा पसरत जातो, तसं समजा. हातापाशी, म्हणजे पुढच्या वर्षी, फार काही वेगळं घडणार नाही. तीस वर्षांपुढे मात्र झोत रुंद झालेला असतो. त्यात मधोमध ते, जे आहे असंच चाललं तर बहुधा घडेल. त्याच्या बाजूला ते, जे घडू शकतं पण आपण धरून चालत नाही. पार कडेला ते, जे ऐकून हसू येतं. आणि या सगळ्यात कुठेतरी ते, जे आपल्याला हवं आहे. बहुतेक शहरांच्या आणि घरांच्या योजना फक्त मधल्या पट्ट्यावर बेतलेल्या असतात. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला. आदल्या दिवशी कुणी तसं म्हणालं असतं तर आपण हसलो असतो.

कडेचं पाहायचं तर बारीक खुणा टिपाव्या लागतात. इगोर अॅन्सॉफ या व्यवस्थापनशास्त्रज्ञाने 1975मध्ये यांना ‘दुबळे संकेत’ म्हटलं: एकटे पाहिले तर क्षुल्लक, उद्याची मोठी गोष्ट आज जशी पुसट दिसते तसे. माझ्या घरचं उदाहरण देते. दांडिया बाजारात आमच्या जुन्या घरापाशी गणपती बसायचा. एका वर्षी वर्गणीची पावती गुजरातीत छापून आली. ‘छापखान्यात मराठी जुळारी राहिला नाही’ म्हणून सगळे हसले. आज त्याच मांडवात आरती पाठ असलेली मुलं ती गुजराती लिपीत लिहिलेल्या कागदावरून वाचतात. यात चांगलं-वाईट ठरवायची मला घाई नाही. त्या पावतीकडे कुणी नीट पाहिलं नव्हतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

सोहेल इनायतुल्ला या अभ्यासकाचा एक त्रिकोण मला फार उपयोगी वाटतो, कारण तो मराठीत अगदी सहज उतरतो: भूतकाळाचं ओझं, वर्तमानाचा रेटा, भविष्याची ओढ. कुठलाही प्रश्न घ्या आणि तीन कोपऱ्यांत काय आहे ते लिहा. आम्हा बडोदेकर मराठी माणसांच्या पहिल्या कोपऱ्यात एकच वाक्य असतं: ‘महाराजांच्या वेळी असं नव्हतं.’ ते खरंही असतं, आणि ओझंही असतं.

महाराजांचा विषय निघालाच आहे तर आजव्याकडे जाऊ, कारण या साऱ्या शिस्तीचा आपल्या दारातला पुरावा तोच आहे. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात, 1890च्या सुमारास, शहराच्या पूर्वेला मातीचं लांबलचक धरण घालून हे सरोवर बांधलं गेलं. पाणी उताराने शहरात येईल अशी रचना, पंपावर मदार नाही. शहराची वस्ती तेव्हा लाखाच्या थोडी पुढे. योजना मात्र तीन लाख माणसांसाठी. तीन लाखांच्या घरात बडोदं पोचलं ते 1961च्या जनगणनेत. म्हणजे सत्तर वर्षांनी नळाला तोंड लावणाऱ्यांची तहान आधीच धरलेली होती. पुढे मही नदीच्या पात्रातल्या, वाळूतून झिरपणारं पाणी गोळा करणाऱ्या ‘फ्रेंच विहिरी’ आल्या, नर्मदेचं पाणी आलं, वस्ती 2011मध्ये साडेसोळा लाखांच्या पुढे गेली. आजव्याचं पाणी आजही शहर पितं.

आता जरा हिशेबाकडे वळते, कारण खरी मेख तिथे आहे. आजच्या पद्धतीने कुणी आजव्याचा नफा-तोटा मांडला असता तर काय झालं असतं? अर्थशास्त्रात पुढे मिळणाऱ्या लाभाची आजची किंमत काढतात. बँकेच्या मुदत ठेवीचं गणित उलटं फिरवायचं. 7 टक्के दर धरला तर आज ठेवलेल्या 877 रुपयांचे सत्तर वर्षांनी एक लाख होतात. मग उलटं म्हणायचं की सत्तर वर्षांनंतरचे एक लाख म्हणजे आजचे 877 रुपये. चौघं मिळून सेव-उसळ खायला गेलात तर तेवढ्यात भागेल. या गणिताने पाहिलं तर नातवंडांच्या पाण्यासाठी आज खोदलेली प्रत्येक वीतभर जास्तीची जमीन म्हणजे उधळपट्टी.

गणित चुकीचं नाही. रस्त्याचा दिवा कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे त्याने ठरवावं. पण दर किती धरायचा हा निव्वळ आकड्याचा प्रश्न नसतो. ब्रिटनमध्ये निकोलस स्टर्न यांनी 2006मध्ये हवामानबदलाच्या खर्चाचा अहवाल केला, त्यात हा दर 1.4 टक्क्यांच्या आसपास धरला. त्या दराने सत्तर वर्षांनंतरच्या एका लाखाची आजची किंमत सुमारे 37,800 होते. कुठे 877, कुठे 37,800. विल्यम नॉर्डहॉस यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी स्टर्नवर टीका केली की लोक बाजारात प्रत्यक्ष जसे वागतात त्याच्याशी हा दर जुळत नाही. स्टर्न यांचं म्हणणं साधारण असं की माणूस नंतर जन्मला एवढ्याच कारणाने त्याला स्वस्त धरता येत नाही. मला स्टर्न पटतात. माझं पटणं तज्ज्ञाचं नाही, आजीचं आहे.

मात्र आजव्याची गोष्ट इथेच सोडली तर ती महाराजांच्या पुण्यतिथीचं भाषण होईल. तेच आजवा ऑगस्टात भरलं की बडोद्याचा श्वास अडकतो. त्याचं जादा पाणी विश्वामित्रीत उतरतं, आणि मधल्या काळात नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, आणि तळी आपण बुजवली, वर इमारती चढवल्या. आमचीही त्यातलीच एक, 1996ची. एका पिढीची दूरदृष्टी पुढच्या पिढीला आयती वापरता येत नाही, तिचा विचार नव्याने करावा लागतो. 2025च्या पावसाळ्याआधी नदीचं पात्र खोदून साफ करण्याचं मोठं काम निघालं. तेव्हाही पहिला प्रश्न पडला तो मगरींचा. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या या नदीत शेकडो मगरी राहतात. त्यांना मत नाही, वॉर्ड नाही. पण काठाचे उतार कसे ठेवायचे हे ठरवताना त्यांची घरटी मोजावी लागतात. ज्यांना मत नाही त्यांचं ऐकायची सवय आपल्याला मगरींनीच लावली म्हणायची.

अनेक भविष्यं धरून निर्णय कसा घ्यायचा, याचं गाजलेलं उदाहरण तेलाच्या धंद्यातलं आहे. शेल कंपनीत पिअर वॅक आणि त्यांचे सहकारी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ‘काय होईल’ ऐवजी ‘काय काय होऊ शकेल’ याच्या गोष्टी रचत होते. त्यातल्या एका गोष्टीत तेल विकणारे देश दर एकदम चढवतात. ऑक्टोबर 1973च्या युद्धानंतर थोड्याच महिन्यांत तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. वॅक यांना तारीख ठाऊक नव्हती, पण कंपनीतल्या वरिष्ठांनी ते जग मनात एकदा जगून पाहिलं होतं. आपण घरात हे करतोच. मुलगी परदेशी गेली तर, इथेच राहिली तर, नोकरी सुटली तर. तीनही वेळा उपयोगी पडेल असं घर कुठलं? कुठली गोष्ट खरी ठरली याला महत्त्व नाही. सगळ्यांत तग धरणारा निर्णय कोणता, ते शोधायचं असतं.

पण कागदावरच्या गोष्टी लोकांच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. इंदूरच्या आपल्या भाईबंदांकडे याचा एक झकास किस्सा आहे. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस 1917च्या सुमारास होळकर दरबारासाठी इंदूरचा आराखडा करत होते. त्याआधी 1916मध्ये त्यांनी बडोद्याचाही अहवाल दिला होता. इंदुरात तेव्हा प्लेगची दहशत. गेडिस यांनी एका दिवसापुरता कारभार मागून घेतला आणि दिवाळीला मिरवणूक काढली. मिरवणूक कुठल्या रस्त्याने जाणार? ज्या गल्ल्यांनी घरं सर्वांत नीट झाडली-डागडुजी केली, त्या गल्ल्यांनी. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर, घाणीचा राक्षस, नवे कपडे आणि हार घातलेले सफाई कामगार, आणि पुढच्या इंदूरचं चित्र. राक्षस शेवटी जाळला. दोन खंडांचा अहवाल 1918मध्ये छापून आला, पण गावाने शहराचं उद्याचं रूप पाहिलं ते मिरवणुकीत.

न जन्मलेल्यांच्या वतीने बोलणारा माणूसच कायद्याने नेमायचा, हा प्रयोगही झाला आहे. वेल्सने 2015मध्ये भावी पिढ्यांच्या हिताचा कायदा केला आणि एक आयुक्त नेमला. सरकारी संस्थांनी निर्णय घेताना पुढच्या पिढ्यांचा विचार केला का, हे विचारणं त्याचं काम. त्याला नकाराधिकार नाही, फक्त टोकता येतं. न्यूपोर्टजवळचा मोठा महामार्ग 2019मध्ये तिथल्या सरकारने रद्द केला, खर्चाचं आणि पर्यावरणाचं कारण देऊन. त्याआधी आयुक्तांनी त्याला जाहीर विरोध केलेला होता. फिनलंडच्या संसदेत 1993पासून भविष्य समिती आहे. हंगेरीत आणि इस्रायलमध्ये अशी पदं निर्माण झाली आणि थोड्या वर्षांत गुंडाळली किंवा लहान केली गेली. खुर्ची असली तरी तिचे पाय कापता येतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाच्या निकालांत पिढ्यापिढ्यांमधल्या न्यायाचं तत्त्व मानलं आहे. पण नगरपालिकेच्या सभेत ती खुर्ची कुठे आहे?

मला सगळ्यात आवडलं ते जपानचं. ईशान्य जपानातलं याहाबा हे लहानसं गाव. अर्थशास्त्रज्ञ तात्सुयोशी साइजो यांच्या कल्पनेवरून 2015मध्ये तिथल्या रहिवाशांना गावाच्या योजनेसाठी बोलावलं. काहींनी आजचे नागरिक म्हणून बोलायचं, काहींनी 2060चे. वय आजचंच, साल तेवढं बदलायचं. 2060वाल्यांना सणासुदीचा अंगरखा घालायला दिला. आजच्या गटाने आजच्याच अडचणी वाढवून मांडल्या. अंगरखेवाले अधिक अवघड, अधिक लांबचे उपाय मागू लागले. पाण्याच्या नळजाळ्यासाठी आज पाणीपट्टी वाढवायलासुद्धा त्या गावातले लोक तयार झाले. पाणीपट्टी वाढवा असं स्वतःहून म्हणणारे नागरिक! आपल्या महानगरपालिकेतल्या कुणी हे वाचलं तर खुर्चीवरून पडेल.

मी गेल्या वर्षी हा प्रयोग आमच्या सोसायटीत केला. चोवीस फ्लॅट, आले सतरा जण. अंगरखे कुठून आणणार? कुणाच्या मुंजीतली सहा उपरणी निघाली, ती सहा जणांच्या खांद्यावर टाकली. साल 2055, वय आजचंच. आमचे वकीलकाका 74चे. त्यांनी लगेच बोटं मोजली. ‘म्हणजे माझा जन्म 1981चा. आणीबाणी मी पाहिलीच नाही.’ आणि मग ते खरोखरच वेगळं बोलू लागले. एरवी मीटरचा खर्च सगळ्यात जास्त त्यांनाच खुपत होता. उपरणं खांद्यावर आल्यावर म्हणाले, ‘तीस वर्षांत पाणी किती वेळा आलं असेल? चार वेळा? चार वेळा मीटर बदलण्याचे पैसे कुणी दिले? आम्ही दिले. तुम्ही नाही दिले.’ आजच्यांच्या बाकावर बसलेले चेअरमन गप्प झाले.

दुसरा विषय कंपाउंडातल्या कडुनिंबाचा होता. तो पाडून, पेव्हर ब्लॉक घालून सहा गाड्यांची सोय करायची. 2055वाल्या एका बेनना विचारलं की तुमच्याकडे गाडी आहे का. त्या म्हणाल्या, ‘खबर नथी. पण सावली पाहिजे, ऊन तर कमी होणार नाही. ने पाणी जमिनीत जायला जागा पाहिजे.’ गाडी असेल की नसेल याच्या दोन्ही गोष्टींत झाड उपयोगी पडत होतं. वॅकसाहेबांचं नाव न ऐकताच बेननी त्यांची पद्धत लावली होती.

मग पुढून मागे मोजलं. यालाही भारदस्त नाव आहे: ‘बॅककास्टिंग’. कॅनडातल्या जॉन रॉबिन्सन यांनी 1982मध्ये ही पद्धत मांडली. पण ज्याने घरचं एक लग्न केलंय त्याला ती शिकवायला नको. तिथी ठरली की हॉल, मग आचारी, मग पत्रिका, मग सोनं, असं आपण मागे मागेच येतो. 2055मध्ये पुरातही दिवे चालू हवेत, तर मीटर पहिल्या मजल्याच्या उंचीवर हवेत. मग जिन्याखालची जागा मोकळी हवी. मग तिथला सामायिक भंगारमाल या दिवाळीत जायला हवा. तीस वर्षांची योजना शेवटी एका मोडक्या सायकलपाशी येऊन थांबली, आणि ती कुणाची यावर वीस मिनिटं गेली.

एक गोष्ट आमच्याकडूनही राहिली. आलेल्या सतरांत भाडेकरू एकही नव्हता, कारण नोटीस मालकांना गेली होती. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताई नाल्याच्या कडेला राहतात. दर पुरात त्यांचं घर आमच्या मीटरच्या आधी बुडतं. 2055च्या माणसाला आम्ही खुर्ची दिली आणि आजच्या बाईला द्यायचं कुणाला सुचलं नाही, मलाही. भावी पिढ्यांवर बोलणं सोपं असतं, त्या उलट उत्तर देत नाहीत. पुढच्या खेपेला मी ताईंना बोलावलं. त्यांनी उपरणं घेतलं नाही. म्हणाल्या, ‘मला 2055 नको, मला जूनमध्ये निरोप पाहिजे. पाणी सोडणार ते तुमच्या फोनवर आधी येतं.’ तेव्हापासून आजव्याचा आकडा आला की ग्रूपवर टाकण्याआधी ताईंना फोन जातो. तेवढं झालं.

मीटर वर न्यायचं ठरलं, चौदा विरुद्ध तीन. दर फ्लॅटमागे 18,000 रुपये, दोन हप्त्यांत. कडुनिंबाचा विषय पुढच्या सभेवर ढकलला. सेक्रेटरींना मात्र एक पेच पडला. उपरणंवाल्या सहाही जणांनी झाडाच्या बाजूने बोलून घेतलं होतं, पण आजचे सभासद म्हणून त्यातल्या दोघांना पार्किंग हवंच होतं. सेक्रेटरींनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि इतिवृत्तात लिहिलं: ‘2055च्या सभासदांनी वृक्षतोडीस विरोध नोंदवला.’ ऑडिटरने विचारलं की हे सभासद कोण, यांचा मेंटेनन्स भरलेला आहे का. सेक्रेटरी म्हणाले, अजून बाकी आहे.